सोलापूरकरांचं गणपतीपुळे : रस्ता, भरती आणि एक परिपत्रक

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट या वाटेने सोलापूर ते गणपतीपुळे हे अंतर पावणेचारशे ते चारशे किलोमीटर भरतं. एवढ्या अंतरात दुसरे किनारेही बसतात, तरी सोलापुरातलं कुटुंब ‘समुद्राला जाऊन येऊ’ म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा गणपतीपुळ्यालाच जातं. देव आणि दर्या एकाच आवारात असल्यामुळे आजी-आजोबांपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांचा होकार मिळतो. देवस्थानाची माहिती सर्वांना आहेच. इथे विषय आहे तो पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, जाण्याचा, आणि तिथे जायला सोलापूरकराला इतका उशीर का लागला याचा.

जुन्या काळात या वाटेवरची वर्दळ उलट्या दिशेची होती. कोकणातला माणूस घाट चढून पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करायचा. सोलापूर भागातल्या माणसाला खाली उतरायला व्यापार किंवा नवस यापलीकडे कारण नसे. त्याची वाळूची हौस चंद्रभागेच्या वाळवंटात भागायची.

रेल्वे आली ती घाटाच्या अलीकडेच थांबली. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ची. कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद रुळांवरची गाडी १९०६ साली पंढरपूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. म्हणजे जवळपास शंभर वर्षांपूर्वीही सोलापूरकर गाड्या बदलत कोल्हापूरपर्यंत जाऊ शकत होता. त्यापुढे मात्र रूळ नव्हते आणि आजही नाहीत. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण सुरू झाली तेव्हा मुंबईकराचं रत्नागिरी एका रात्रीवर आलं. सोलापूरकराला त्या गाडीत बसायचं तर आधी पुणे गाठून पनवेलला उतरावं लागतं, म्हणजे वाकडी वाट करून पुन्हा खाली यायचं. कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला, पण त्यावरून अजून गाडी धावलेली नाही.

तेव्हा खरी भिस्त रस्त्यावर. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याचा जुना राष्ट्रीय क्रमांक २०४. नव्या क्रमवारीत तो १६६ झाला आणि सांगोला, मंगळवेढ्यावरून थेट सोलापुरात येऊन टेकला. अलीकडे सोलापूर-सांगली पट्टा चौपदरी झाल्यावर पहाटे पाचला निघालेली गाडी नाश्त्याला कोल्हापुरात असते. वेळ खातो तो पुढचा टप्पा : मलकापूर, आंबा, घाट, साखरपा, पाली, हातखंबा, मग निवळीहून चाफे मार्गे पुळे. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि वाहतूक बंद पडली. कोल्हापुरात पोहोचून तिथूनच माघारी फिरायची पाळी घाटावरच्या माणसाला नवी नाही. पावसाळ्यात घाटात धुकं दाटतं, अंधार पडल्यावर आंब्याच्या आसपास गवे रस्त्यावर येतात. म्हणून कोल्हापूर दुपारी बाराच्या आत सोडावं. मुलांना गाडी लागते ती बहुधा आंबा ते साखरपा या उतारावर, तेव्हा कोल्हापुरात त्यांना मिसळ चारू नये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरून बांधून घेतलेली बरी.

आता शाळा-कॉलेजच्या सहलींवर नियम घालणाऱ्या सरकारी परिपत्रकाकडे. त्याच्यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सोलापूर जिल्ह्यातल्या कित्येक मुलांनी पहिला समुद्र आईवडिलांबरोबर पाहिला नाही. त्यांनी तो शाळेच्या सहलीत पाहिला. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. डिसेंबर-जानेवारीत लाल गाड्यांचा ताफा कोल्हापूर, पन्हाळा, जोतिबा, गणपतीपुळे असा फिरून यायचा. यंत्रमागावर किंवा विडीवर पोट असलेल्या घरातून चौघांची कोकण सहल निघणं अवघडच. एका पोराची निघत होती.

१ फेब्रुवारी २०१६ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातले १४ विद्यार्थी बुडाले. लगोलग राज्यस्तरावरून सहलींसाठी नियमांची लांबलचक यादी निघाली. पालकांची लेखी संमती, मुलांच्या संख्येच्या प्रमाणात शिक्षक, मुलींबरोबर महिला, प्रथमोपचाराची सोय ही कलमं कोणालाही पटावीत अशीच होती. वाद झाला तो ठिकाणांवरून. समुद्रकिनारा, नदी, तलाव, विहीर, उंच डोंगर यांच्याकडे सहल नेऊच नये असा त्या यादीचा रोख होता. महाराष्ट्रातून हे सगळं वजा केल्यावर सहलीला उरतं काय, हा प्रश्न लगेच विचारला गेला आणि तो रास्त होता.

परिपत्रकाच्या बाजूने बोलायचं तर पन्नास मुलं पाण्यात आणि दोन शिक्षक काठावर, हे चित्र खरंच होतं. त्या दोघांनाही समुद्रात पोहता येत नसे आणि भरती-ओहोटीची वेळ कोणी विचारलेली नसे. बंदीमुळे ही जबाबदारी एका फटक्यात मिटते. पण मुंबई-रत्नागिरीच्या मुलाचं त्याने काही अडत नाही, त्याचा समुद्र रिक्षाच्या अंतरावर आहे. अडतं ते सोलापूर, धाराशिव, लातूरच्या मुलाचं. शिवाय गणपतीपुळ्याची सहल कागदावर ‘मंदिर दर्शन’ म्हणूनही काढता येते. मंदिराच्या पायरीपासून पाणी हाकेच्या अंतरावर आणि मुलं शेवटी पाण्याकडेच धावणार. कागदावर किनाऱ्याचं नावच नसेल तर किनाऱ्याची तयारीही कोणी करत नाही : शिट्टी नाही, दोर नाही, दहा-दहाचे गट नाहीत, गुडघ्याची मर्यादा नाही. बंदीने घडवलेला हा सर्वांत वाईट परिणाम. ठिकाणाऐवजी वेळेवर आणि खोलीवर नियम केला असता तर तो पाळताही आला असता आणि तपासताही.

वेळ इतकी महत्त्वाची का, ते भरतीच्या हिशेबात आहे. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा सोपा : तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, दिवसा आणि रात्री दोन्हीकडे. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो, रत्नागिरीला भरती त्यापेक्षा थोडी आधी येते. अचूक वेळ हवी तर भरतीचं कोष्टक पाहावं. पण दिनदर्शिका हाताशी असलेल्या माणसाला दिवस ठरवायला एवढं पुरतं.

आता हा हिशेब गणपतीपुळ्याला लावा. घाटावरची सर्वांत मोठी गर्दी संकष्टीला, त्यातही अंगारकीला. चतुर्थीची भरती अडीच-तीनला संपते, म्हणजे तीन ते रात्री साडेआठ-नऊ पाणी मागे हटत असतं. नेमक्या याच वेळेत दर्शन उरकलेली माणसं चंद्रोदयाची वाट बघत पुळणीवर थांबलेली असतात, उन्हं कलल्यावर पाण्यात उतरतात. लाट पुढे येताना दिसते, तिचं परतणारं पाणी पायाखालून वाळू ओढत नेतं. टाच आधी खचते, मग माणूस तोल सावरायला एक पाऊल आत टाकतो. पुळ्याचा किनारा उताराचा आहे. कंबरभर पाणी आणि डोक्यावरून पाणी यांत पावलं थोडी असतात.

सोलापूरकराची आणखी एक अडचण म्हणजे त्याला पोहता येतं. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला माणूस चांगला पोहतो, पण साचलेल्या पाण्यात. विहिरीत दम लागला की कडा धरायची सवय असते, म्हणून समुद्रात ओढ लागली की तो सरळ काठाच्या दिशेने हात मारतो. ओढ त्याच रेषेत उलटी असते. पाच मिनिटांत दम संपतो आणि अंतर तेवढंच राहतं. अशा वेळी काठाला समांतर पोहत ओढीचा पट्टा ओलांडायचा, मग लाटेबरोबर बाहेर यायचं. ते जमत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करायचा. हा पट्टा काठावरून ओळखताही येतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस होत असतो आणि मध्येच एका ठिकाणी पाणी गुळगुळीत, गडद, शांत दिसतं. मुलांना घेऊन लोक हमखास तिथेच उतरतात, कारण तिथे लाट कमी आहे असं वाटतं. जीवरक्षक शिट्टी वाजवून हुसकावतात ते याच जागेवरून, आणि वाद घालणारे पुष्कळदा घाटावरचेच असतात, हेही सांगायला हवं.

पुळणीवर काय उभं राहावं याचा वाद वेगळा आणि जुना आहे. कमाल भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा, असं तत्कालीन पंतप्रधानांनी १९८१ साली किनारी राज्यांना कळवलं होतं. त्याला कायद्याचं रूप १९९१च्या किनारी नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेने आलं, ग्रामीण किनाऱ्यावर त्यातले पहिले २०० मीटर बांधकामाला बंद झाले. २०१९च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण पट्ट्यांत ती मर्यादा ५० मीटरवर आणली. २०२०मध्ये राज्याने किनाऱ्यावर खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या खोपट्यांना (शॅक) परवानगी देणारं धोरण काढलं. त्याच्या पहिल्या यादीत गणपतीपुळ्याच्या वाटेवरचं आरे-वारे होतं. मद्यावरून कोकणात बरीच आरडाओरड झाली. कामकाजाची वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७ ठरवली, तिच्याकडे मात्र कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. मे महिन्यात या किनाऱ्यावर सूर्यच सातला बुडतो. लोक जे बघायला येतात ते संपायच्या क्षणी चहा बंद, असं हे वेळापत्रक.

१७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं; ७५ वर्षांवरच्यांचा प्रवास त्याआधीच, २०२२मध्ये, मोफत झाला होता. आजी, आई आणि दोन मुली अशा घराचा प्रवासखर्च त्याने निम्म्याखाली आला. रस्ता रुंद झाल्याचा फायदा गाडीवाल्यांना झाला, या सवलतीचा बाकीच्यांना. शाळेच्या सहलीची जागा आता हळूहळू कुटुंबाची सहल घेते आहे.

सूर्यास्तासाठी जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. गणपतीपुळ्याचा सूर्य सोलापूरपेक्षा साधारण दहा मिनिटं उशिरा मावळतो. नोव्हेंबरअखेरीस सहाच्या आसपास, जूनमध्ये सव्वासातच्या जवळ, पण जूनमध्ये ढगांमुळे तो दिसेलच असं नाही. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी क्षितिज त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर डिसेंबरात सूर्य समोरून बराच डावीकडे, मेअखेरीस उजवीकडे बुडतो. जागा धरताना हे बघावं, नाहीतर ऐन वेळी टेकडी किंवा नारळाची रांग आड येते.

लहान मुलं बरोबर असतील तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा दिवस घ्यावा. त्या दिवशी ओहोटी पाचच्या सुमारास असते, सूर्यास्ताला पुळण सगळ्यात रुंद असते आणि ओली वाळू किल्ला करण्याइतकी घट्ट. पाणी आणि मुलं यांच्यात अंतर राहतं. फक्त साडेपाचनंतर भरती सुरू होते, तेव्हा चपला, पिशव्या आणि सतरंजी ओल्या वाळूच्या रेषेच्या वर ठेवावी. अष्टमीला उलट : सूर्यास्ताला पाणी वर आलेलं, वाळूचा पट्टा अरुंद आणि पोरं नको म्हटलं तरी लाटेत. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात अंधार होतो आणि सगळ्या गाड्या एकदम निघतात. मुक्काम मालगुंडला किंवा पुळ्यातच असेल तर ठीक. त्याच रात्री घाट चढून कोल्हापूर गाठायचा बेत असेल तर सूर्यास्त सोडून चारलाच निघावं लागतं, आणि मग एवढ्या लांब येण्यात अर्थ नाही. खोली आधी ठरवावी.