ब्रिटिश फार्सपटांमागचा कोट्याचा कायदा

ब्रिटिश फार्सपटात आपल्याला हसवणारा माणूस बहुधा ठरलेला असतो. शाळेचा मुख्याध्यापक, बँकेतला अधिकारी, कोर्टातला बॅरिस्टर, नाहीतर नुकतंच लग्न झालेला पांढरपेशा तरुण. चारचौघांत त्याला मान असतो. तो जाईल या धास्तीने तो एक लहानशी थाप मारतो आणि पुढचा दीड तास ती निस्तरत बसतो. संकट अब्रूवर आलेलं असतं, जिवावर नव्हे, आणि तरी तो जिवावर आल्यासारखा धावतो.

मराठी प्रेक्षकाला हे नवीन नाही. ‘मोरूची मावशी’ ज्या इंग्रजी नाटकावरून आली, ते १८९२ सालचं. लंडनमध्ये त्याचे सलग १,४६६ प्रयोग झाले होते. त्याच्याही आधी, मुख्य खेळ आटोपल्यावर एखादा छोटा फार्स करायची रीत एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या नाटक मंडळ्यांत रुळलेली होती. पण हा सगळा रंगमंचाचा इतिहास झाला. रंगमंचावरची ही चीज पडद्यावर का आली आणि तिथे पन्नासेक वर्षं कशी टिकली, याची कहाणी वेगळी आहे. त्या कहाणीत एका रटाळ सरकारी कायद्याचा वाटा आजवर मानला गेलाय त्याहून बराच मोठा आहे.

मूकपटांच्या काळात फार्स पडद्यावर नीट जमत नव्हता. पाठलाग आणि धडपड जमायची. पण दाराआडून ऐकू आलेलं अर्धवट वाक्य, चुकीच्या माणसाने चुकीच्या वेळी घेतलेलं नाव, घाईघाईत रचलेली थाप, हे पाट्यांवर लिहून दाखवता येत नाही. १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये बोलपट बनू लागले, तेव्हा लंडनच्या ऑल्डविच थिएटरमध्ये एक संच ऐन भरात होता. १९२३ ते १९३३ या दहा वर्षांत तिथे एकामागून एक बारा फार्स झाले, त्यातले नऊ एकाच लेखकाचे. नट बहुतेक तेच. एक बेरकी, एक एकाच डोळ्याला काच लावणारा गोंधळ्या आणि एक टकलू, सदा भेदरलेला, ज्याची विजार कधीतरी उतरायचीच. १९३० मध्ये यातलं ‘रूकरी नूक’ पडद्यावर आलं आणि धो धो चाललं.

या नाटकांत काय होतं, ते ‘अ कुकू इन द नेस्ट’मधल्या एका प्रवेशावरून कळतं. नाटक १९२५ चं, चित्रपट १९३३ चा. गाडी चुकल्यामुळे एक विवाहित पुरुष आणि दुसऱ्याची बायको एका खेड्यातल्या खानावळीत रात्रीपुरते अडकतात. खोली एकच उरलेली, मालकीण कमालीची सोवळी. म्हणून दोघं नवरा-बायको असल्याचं सांगतात. त्या खोलीत घडत काहीच नाही. बाई पलंगावर झोपते, आणि हा गृहस्थ हात धुण्याच्या टेबलाखाली डोकं घालून फरशीवर आडवा व्हायची खटपट करतो. कूस बदलतो, डोकं आपटतं, पाय मावत नाहीत. तो अगदी निर्दोष आहे, हे प्रेक्षकाला दिसत असतं. सकाळी यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, हेही ठाऊक असतं. सगळा हशा या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आहे.

आता त्या कायद्याकडे. १९२० च्या दशकाच्या मध्याला ब्रिटनच्या थिएटरांत लागणाऱ्या चित्रपटांपैकी ब्रिटिश चित्रपट जेमतेम पाच टक्के उरले होते, बाकी बहुतेक अमेरिकन. त्यावर उपाय म्हणून १९२७ मध्ये संसदेने कोट्याचा कायदा केला. वितरकाने आपल्या चित्रपटांपैकी सुरुवातीला साडेसात टक्के आणि थिएटरवाल्याने पाच टक्के ब्रिटिश चित्रपट घ्यायचे, आणि हे प्रमाण दहा वर्षांच्या आत वीस टक्क्यांपर्यंत वाढवत न्यायचं. चित्रपट ‘ब्रिटिश’ ठरण्यासाठीच्या अटी हिशेबी होत्या: पगाराची रक्कम मुख्यतः ब्रिटिश प्रजाजनांना गेलेली असावी, पटकथेचा लेखक ब्रिटिश प्रजाजन असावा, स्टुडिओतलं चित्रण साम्राज्याच्या हद्दीत झालेलं असावं. चित्रपट बरा की वाईट, याबद्दल कायद्यात अक्षर नव्हतं.

वाद झाला तो यावरूनच. अमेरिकन वितरकांनी कोटा भरण्यापुरते स्वस्तातले चित्रपट काढून घ्यायला सुरुवात केली. भाव फिल्मच्या लांबीवर, साधारण फुटाला एक पौंड. दोन-तीन आठवड्यांत चित्रीकरण उरकायचं. ‘कोटा क्विकी’ हे नाव तेव्हाचं, आणि ते शिवीसारखंच वापरलं जाई. सकाळी झाडलोट चालू असताना रिकाम्या थिएटरात हे चित्रपट दाखवून कोटा भरला जायचा, असंही सांगतात. १९३८ मध्ये कायदा बदलला आणि किमान खर्चाची अट आली. तेव्हापासून बऱ्याच इतिहासकारांनी त्या दहा वर्षांवर फुली मारून टाकली आहे.

या भानगडीत आपलाही एक धागा आहे. १९२७ च्या व्याख्येत साम्राज्यातले सगळेच चित्रपट ‘ब्रिटिश’ होते, म्हणजे कागदोपत्री मुंबईत बनलेलेही. त्याच सुमारास साम्राज्यातल्या चित्रपटांना हिंदुस्थानातही झुकतं माप द्यावं, अशी कल्पना पुढे आली. तिचा विचार करायला १९२७-२८ मध्ये सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि ती कल्पना अमान्य केली. ते योग्यच झालं. इथल्या प्रेक्षकाला लंडनच्या चित्रपटाची सक्ती करण्यात इथल्या धंद्याचं हित नव्हतं.

ब्रिटनपुरता मात्र हा कायदा फसला असं म्हणणं मला मान्य नाही. निदान विनोदी चित्रपटाच्या बाबतीत तो फळला. ऑल्डविचचे चित्रपट काही क्विकी नव्हते. त्यांच्यावर पैसा खर्च झाला होता आणि तो वसूलही झाला. पण ते उभे राहिले कोट्याने तयार केलेल्या बाजारात. निर्मात्याला दर आठवड्याला स्टुडिओ चालू ठेवायचा होता, वितरकाला ब्रिटिश माल हवा होता, आणि हाताशी तयार काय होतं? शेकडो प्रयोगांत घासून गुळगुळीत झालेली नाटकं. नटांचं टायमिंग पक्कं, संवाद पाठ, कुठल्या वाक्याला हशा येतो हे माहीत. क्विकींचा फायदा वेगळाच झाला. नवशिके दिग्दर्शक, संकलक, दुय्यम भूमिका करणारे नट यांना वर्षातून पाच-सहा चित्रपटांचं काम मिळू लागलं. युद्धानंतरच्या विनोदी चित्रपटांत क्षणभर दिसून जाणारे दारवान, बाबू, खडूस आत्या, पोलीस हवालदार इतके बिनचूक का असतात, याचं एक उत्तर या उमेदवारीत आहे. दर्जाची अट पहिल्याच दिवशी घातली असती, तर हात बसायला एवढा वाव मिळाला नसता.

या चित्रपटांवरचा दुसरा आरोप असा की ते निव्वळ नाटकाचं चित्रीकरण होतं. सुरुवातीला आवाजरोधक पेटीत कोंडलेला कॅमेरा हलवता येत नसे, त्यामुळे आख्खा दिवाणखाना समोर धरून लांबच लांब शॉट घ्यावे लागत. चित्रपटकलेच्या अभ्यासकांना हे मागासलेपण वाटतं. फार्सला ते मानवलं. फार्समध्ये प्रेक्षकाला दोन्ही दारं एकाच वेळी दिसायला हवीत: डावीकडून बायको आत येतेय आणि उजवीकडे पडद्यामागे कोणाचे तरी बूट दिसताहेत. कॅमेरा आधी बायकोवर, मग बुटांवर गेला की दिग्दर्शक आपल्याला सांगू लागतो, आणि आपण स्वतः शोधायचं थांबतो. अडचण खरी होती ती हशाची. रंगमंचावर नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. पडद्यावरचा नट थांबू शकत नाही. मग वाक्यांच्या मध्ये अंदाजाने जागा सोडायची. भरल्या थिएटरात ती जागा हशाने भरते. आज घरी एकट्याने पाहताना तीच जागा मोकळी राहते आणि चित्रपट संथ वाटतो. हे जुने चित्रपट शक्यतो चार-पाच जणांनी मिळून पाहावेत.

युद्धानंतर विषय बदलला, आणि माझ्या मते हाच या प्रकाराचा उत्तम काळ. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये १६० कोटींहून अधिक तिकिटं खपली. रेशन चालू होतं, ते पूर्ण संपायला १९५४ उजाडलं. प्रत्येक गोष्टीला फॉर्म, प्रत्येक फॉर्मला शिक्का. अब्रूच्या भीतीत आता सरकारी गोंधळाची भर पडली. १९५० चा ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ युअर लाइफ’ यातला मुकुटमणी. मंत्रालयाच्या चुकीमुळे मुलींची एक शाळा मुलांच्या शाळेत राहायला पाठवली जाते. तिथे खाटांपासून भांडण. मग एकाच दिवशी दोन पाहुणेमंडळी येतात: मुलींचे पालक, ज्यांना इथे मुलगे आहेत हे कळता कामा नये, आणि मुख्याध्यापकाला नव्या नोकरीसाठी पारखायला आलेले दुसऱ्या शाळेचे विश्वस्त, ज्यांना मुली दिसता कामा नयेत. दोन्ही गटांना शाळा दाखवायची आहे. एक गट वर्गाबाहेर पडला की आतली मुलं मागच्या वाटेने पळतात आणि मुली बाकांवर येऊन बसतात. मैदानावर मुलांचा खेळ चालू असतो, तो गुंडाळून मुलींचा मांडायचा, आणि पाहुणे वळले की पुन्हा उलटं. इथे कॅमेरा मोकळा आहे, दिवाणखान्याबाहेर पडलाय, तरी दोन दारांचा नियम पाळलेला आहे. कोण कुठे आहे हे आपल्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असतं. मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका यांचे चेहरे मात्र शेवटपर्यंत सुसंस्कृत राहतात, नुसत्या भुवया थरथरतात.

त्याच वर्षी मंत्रालयांच्या शेजारच्या व्हाइटहॉल थिएटरात फार्सची दुसरी मालिका सुरू झाली आणि १९६६ पर्यंत चालली. तिची सुरुवात सक्तीच्या लष्करी भरतीत सापडलेल्या पोरांच्या नाटकाने झाली. पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपट निघाला. तेव्हा देशातल्या धडधाकट तरुणांना दीड-दोन वर्षं लष्करात काढावीच लागत, त्यामुळे विनोद घरोघरी समजत होता. १९५८ मध्ये ‘कॅरी ऑन’ मालिकेतला पहिला चित्रपट आला, तोही याच भरतीवर, सुमारे ७४ हजार पौंडांत बनलेला. पुढच्या वर्षीचा इस्पितळावरचा चित्रपट ब्रिटनमध्ये त्या वर्षी सर्वांत जास्त चालला. ‘कॅरी ऑन’ला फार्स म्हणायचं का, यावर रसिकांत मतभेद आहेत. माझ्या लेखी तो शाब्दिक चावटपणाचा आणि ठरीव नमुन्यांचा खेळ आहे. त्यात फार्सचा घट्ट विणलेला कार्यकारणभाव क्वचितच सापडतो.

प्रेक्षक मात्र घटत होता. टीव्ही घरी आला, १९६० पर्यंत तिकिटं ५० कोटींवर उतरली. तरी हे चित्रपट निघत राहिले, कारण तिकिटांवरच्या अधिभारातून ब्रिटिश निर्मात्यांना वाटा मिळे. १९५० मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झालेला हा अधिभार १९५७ मध्ये कायद्याने पक्का झाला. वाटा मिळकतीच्या प्रमाणात, म्हणजे स्वस्तात काढलेल्या आणि गर्दी खेचणाऱ्या विनोदी चित्रपटाला दुहेरी लाभ. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कोटा गेला, १९८५ मध्ये अधिभारही गेला. त्यानंतर ब्रिटिश फार्सपटांची नियमित रांग उरली नाही. एकेकटे चित्रपट आले. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

मधल्या काळात लाजही पातळ झाली होती. १९६८ मध्ये नाटकांवरची पूर्वतपासणी रद्द झाली. तरी १९७१ ते १९८७ लंडनमध्ये चाललेलं एक नाटक होतं बँकेच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नवदांपत्याचं. टपालाने काचसामान मागवलं, तर अश्लील चित्रांची खोकी आली, आणि त्यांची विल्हेवाट लावता लावता नाकी नऊ आले. १९७३ च्या चित्रपटात तो जोर आला नाही. १९८३ चं दोन बायकांच्या टॅक्सीवाल्याचं नाटकही वर्षानुवर्षं चाललं होतं. २०१३ मध्ये त्याचा चित्रपट लागला, तेव्हा पहिल्या आठवडाअखेरीस ब्रिटनमध्ये ६०२ पौंड जमले. वेळापत्रक सांभाळून दोन संसार लपवणारा माणूस मोबाइलच्या काळात पटणं कठीणच.

जे तरले त्यांनी लाजेला नवं घर शोधलं. १९८८ च्या ‘अ फिश कॉल्ड वांडा’चा दिग्दर्शक तेव्हा ७८ वर्षांचा होता आणि १९५१ मध्ये त्याने लंडनच्या एका स्टुडिओत सोनं लुटण्यावरचा गाजलेला विनोदपट केला होता. बॅरिस्टरच्या घरात त्याची बायको अचानक परतते, त्या प्रवेशात जुन्या उस्तादाचा हात दिसतो. पाहुणीचं ‘डब्ल्यू’ अक्षराचं लॉकेट जमिनीवर राहून जातं, बायकोचंही नाव त्याच अक्षराचं, आणि ती ते आपल्यासाठी आणलेली भेट समजून गळ्यात घालते. बॅरिस्टरला हसावंही लागतं आणि ते परतही मिळवावं लागतं.

२००७ चा ‘डेथ ॲट अ फ्युनरल’ तर एका घरात, एका दिवसात घडतो. वडिलांचा अंत्यविधी, सुरुवातीलाच चुकीचं प्रेत दारात, गुंगीच्या गोळ्यांच्या बाटलीत भलतंच औषध, आणि वडिलांचं गुपित घेऊन आलेला अनोळखी माणूस. यावर २००९ मध्ये हिंदीत ‘डॅडी कूल’ निघाला, ख्रिस्ती कुटुंबात बेतलेला, आणि २०१० मध्ये अमेरिकन आवृत्ती आली. तो अनोळखी माणूस ब्रिटिश आणि अमेरिकन चित्रपटांत एकाच अभिनेत्याने केला आहे. तिन्हींत मला मूळ चित्रपटच सरस वाटतो. नंतरच्या दोन्हींत माणसं फार लवकर ओरडू लागतात. ब्रिटिश घरातला मुलगा मात्र आतल्या खोलीत अनर्थ चालू असताना बाहेर येऊन, टाय सारखा करून, वडिलांवरचं भाषण पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतो.