गाढ झोपेत जाणीव कुठे जाते?

रात्रीच्या पहिल्या प्रहरात गाढ झोपलेल्या माणसाला हलवून उठवलं आणि विचारलं, 'आत्ता मनात काय चाललं होतं?' तर बरेचदा उत्तर येतं, 'काहीच नाही.' मेंदू मात्र तेव्हा बंद नसतो. त्यातल्या चेतापेशी झोपेतही एकमेकींना संदेश धाडतच असतात. मग जाणीव हरपते कशी?

पहिला धागा एका साथीतून मिळाला. १९१६-१७च्या सुमारास व्हिएन्नात डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो यांच्याकडे मेंदूज्वराचे विचित्र रुग्ण येऊ लागले. काही जण आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर काहींचा डोळ्याला डोळा लागत नसे. शवविच्छेदनात दिसलं, की झोपाळू रुग्णांमध्ये हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या भागाच्या मागच्या बाजूला इजा होती आणि जागणाऱ्यांमध्ये पुढच्या बाजूला. आज आपल्याला ठाऊक आहे, की पुढच्या भागातल्या काही पेशी जागं ठेवणाऱ्या केंद्रांना दाबतात आणि ती केंद्रं उलट त्यांना दाबतात. त्यामुळे पारडं कलायला लागलं की झटकन पूर्ण कलतं. डोळा कधी लागला ते कळत नाही, ते यामुळेच.

पण झोप कशी लागते हे कळलं, तरी जाणिवेचं कोडं उरतंच. त्याबाबत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो मेंदूसंशोधक मार्चेल्लो मास्सिमिनी, ज्युलिओ तोनोनी आणि सहकाऱ्यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यांनी डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूचा एक छोटासा भाग चेतवला. माणूस जागा असताना त्याचे पडसाद एका भागातून दुसऱ्या भागात, दूरवर उमटत गेले. स्वप्नरहित झोपेत तोच स्पंद दिला, तर सुरुवातीचा प्रतिसाद उलट जोरकस होता, पण तो जागच्या जागी विरला. या झोपेत असंख्य पेशी एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात, साधारण सेकंदाला एकदा. त्या शांततेत निरोप पुढे सरकत नाही. मेंदूचे भाग शाबूत असतात, त्यांच्यातला संवाद मात्र तुटतो.

स्वप्नांच्या झोपेत तो बऱ्याच अंशी परततो. डोळे पापण्यांआड भिरभिरतात, मनात अख्खं जग उभं राहतं आणि शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडलेले असतात. कधी मेंदू आधी जागा होतो आणि लुळेपणा काही क्षण रेंगाळतो. डोळे उघडे, सगळं दिसतंय, पण बोटही हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. ज्यांना हे अनुभवून भीती वाटली असेल त्यांनी एवढं जाणून घ्यावं: ती बाधा नाही, स्वप्नाच्या झोपेचा थोडा भाग जागेपणात उतरलेला असतो.