न्यायाची घटिका आणि तीन देवदूत : एका अर्थनिर्णयाची पार्श्वभूमी

बायबलमधील शेवटचा ग्रंथ प्रकटीकरण, त्याच्या चौदाव्या अध्यायातील तीन देवदूतांविषयी सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी आणि तिचे टीकाकार यांच्यात आज जो वाद चालतो, तो वरवर पाहता आकड्यांचा आहे. देवाचा न्यायनिवाडा १८४४ मध्ये स्वर्गात सुरू झाला, असे ही मंडळी मानते. दानीएलाच्या ग्रंथातील २,३०० दिवस, इ. स. पूर्व ४५७ मधील एक राजाज्ञा आणि इ. स. १८४४ मधील ऑक्टोबर महिना यांची सांगड बसते की नाही, यावर दोन्ही बाजूंनी हजारो पाने लिहिली गेली आहेत. परंतु या हिशेबाच्या तळाशी त्याहून जुने दोन प्रश्न आहेत. हे देवदूत कोण, आणि देव न्यायनिवाडा करतो तो कोठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके ज्या दिशेने सरकत गेले, त्याचा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर खोल परिणाम झाला.

दर्शन पाहणाऱ्याला त्याचा अर्थ सांगणारा देवदूत ही कल्पना प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या आधीची आहे. जखऱ्या रात्रीच्या दर्शनांत वारंवार विचारतो आणि त्याच्याशी बोलणारा देवदूत उत्तर देतो. दानीएलाला गब्रीएल समजावून सांगतो. हनोखाच्या आणि एज्राच्या नावाने लिहिल्या गेलेल्या यहुदी ग्रंथांत उरीएल हेच काम करतो. प्रकटीकरणात मात्र देवदूत पुष्कळ असूनही अर्थ सांगणारा क्वचितच भेटतो. सतराव्या अध्यायात एक देवदूत स्त्रीचे व श्वापदाचे रहस्य उलगडतो, सातव्या अध्यायात ते काम देवाच्या आसनाभोवतीच्या वडीलजनांपैकी एक जण करतो. चौदाव्या अध्यायातील तिघे फक्त घोषणा करतात. पहिला सार्वकालिक सुवार्ता घेऊन अंतराळात उडतो आणि देवाच्या न्यायाची घटिका आली आहे असे मोठ्याने सांगतो, दुसरा बाबेल, म्हणजे देवाला विरोध करणारी नगरी, पडल्याचे जाहीर करतो, तिसरा श्वापदाला नमन करणाऱ्यांना देवाच्या क्रोधाच्या द्राक्षारसाचा इशारा देतो. हे तिघे म्हणजे कोण, हे कोणीही सांगत नाही. मजकुराने मोकळी सोडलेली ही जागा पुढे वाचकांनी भरली, आणि बहुतेक वेळा ती स्वतःच्या काळातील माणसांनी भरली.

प्राचीन मंडळीत ही प्रवृत्ती फारशी नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेत जी वाचनपद्धती रुजली, तिने हा ग्रंथ मंडळीच्या सर्वकाळच्या आत्मिक संघर्षाचे चित्र मानला आणि घटनांशी एकास एक जुळणी टाळली. पाश्चात्त्य मंडळीत तिचे वर्चस्व अनेक शतके टिकले. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन परंपरेने सातव्या अध्यायातील, जिवंत देवाचा शिक्का घेऊन सूर्याच्या उगवतीकडून येणारा देवदूत आपल्या संस्थापकात पाहिला. पंधराव्या शतकाच्या आरंभी स्पेन, फ्रान्स व इटलीत न्यायाच्या दिवसाविषयी उपदेश करीत फिरणारा एक डोमिनिकन संन्यासी चौदाव्या अध्यायातील पहिला देवदूत म्हणून ओळखला गेला, आणि चित्रकार त्याला पंख देऊ लागले. १५४६ मध्ये विटेनबर्ग येथे धर्मसुधारणेच्या प्रणेत्याच्या अंत्यविधीच्या प्रवचनात तेच वचन त्याला लावण्यात आले. पंथ परस्परविरोधी असले, तरी रीत एकच होती. देवदूत म्हणजे आपला उपदेशक, आणि त्याचा विरोधक म्हणजे बाबेल.

धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट भाष्यकारांनी या रीतीला कालगणनेची जोड दिली. यहेज्केलाच्या चौथ्या व गणनेच्या चौदाव्या अध्यायात एका दिवसाबद्दल एक वर्ष असा उल्लेख येतो. तो त्या त्या प्रसंगापुरता न ठेवता सर्व भविष्यकथनाचा नियम मानला गेला, आणि प्रकटीकरणातील १,२६० दिवसांची १,२६० वर्षे झाली. कॅथलिक बाजूने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक दर्शने दूरच्या भविष्यात ढकलणारे आणि १६१४ मध्ये ती पहिल्या काही शतकांत पूर्ण झाली असे मानणारे भाष्य पुढे आले, पण इंग्रजी बोलणाऱ्या जगावर दिवस-वर्षाच्या नियमाचीच पकड राहिली. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने पोपला कैद केले, तेव्हा इ. स. ५३८ पासून मोजलेली १,२६० वर्षे संपल्याचा निर्वाळा अनेकांनी दिला. १७५५ चा लिस्बनचा भूकंप, १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडमध्ये भरदिवसा पडलेला अंधार आणि १३ नोव्हेंबर १८३३ चा उल्कावर्षाव ही प्रकटीकरणातील सात शिक्क्यांच्या गुंडाळीचा सहावा शिक्का फोडल्याची चिन्हे ठरली. भूकंप, काळा पडलेला सूर्य आणि गळून पडणारे तारे हा सहाव्या अध्यायातील क्रम या घटनांच्या क्रमाशी जुळतो, असे त्या पिढीला मनापासून वाटत होते. या भावनेची ताकद लक्षात घेतल्याखेरीज पुढील इतिहास समजत नाही.

न्यू यॉर्क राज्याच्या पूर्व सीमेवरील एका शेतकऱ्याने, जो पुढे बाप्तिस्त उपदेशक झाला, १८१६ पासून पवित्र शास्त्र वचनावर वचन ठेवून वाचले आणि दोन वर्षांत निष्कर्ष काढला. दानीएल ८:१४ मध्ये २,३०० संध्याकाळ-सकाळींनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असे म्हटले आहे. नवव्या अध्यायातील सत्तर सप्तके (सात-सातचे सत्तर गट, म्हणजे ४९० दिवस) या कालावधीचाच पहिला तुकडा आहेत असे त्याने मानले आणि दोन्हींचा आरंभ पारसी राजाने एज्राला यरुशलेमेस पाठवताना काढलेल्या आज्ञेपासून, म्हणजे इ. स. पूर्व ४५७ पासून धरला. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी आणि तिचे शुद्धीकरण म्हणजे ख्रिस्ताच्या द्वितीयागमनाच्या वेळचा अग्नी, असा त्याचा अर्थ होता. १८३१ मध्ये तो जाहीरपणे बोलू लागला, १८४० नंतर बॉस्टन व न्यू यॉर्क येथील वृत्तपत्रांनी ही शिकवण सर्वदूर नेली, आणि हजारो लोक स्वतःला पहिल्या देवदूताच्या घोषणेचे वाहक समजू लागले. मंडळ्यांनी त्यांना बाहेर काढायला सुरुवात केल्यावर १८४३ च्या उन्हाळ्यात बाबेलमधून बाहेर पडण्याची हाक आली, आणि दुसरा देवदूतही त्यांच्यातच उभा राहिला.

मार्च १८४४ पर्यंतची पहिली मुदत टळली. इ. स. पूर्व १ नंतर थेट इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नसल्याने हिशेबात एक वर्षाचा फरक पडतो हे ध्यानात आले होते. ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका तंबूसभेत नवी मांडणी पुढे आली. यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, ज्या दिवशी मुख्य याजक पवित्रस्थान शुद्ध करीत असे, सातव्या महिन्याच्या दशमीला येतो, कराई या यहुदी पंथाच्या गणनेप्रमाणे त्या वर्षी तो २२ ऑक्टोबरला पडतो, म्हणून प्रभू त्या दिवशी येईल. लोकांनी पिके शेतात उभी ठेवली, दुकाने बंद केली, कर्जे फेडली. दिवस मावळला, रात्र सरली, आणि कोणी आले नाही. त्या रात्रीच्या रडण्याविषयी तेथे असलेल्यांनी जे लिहून ठेवले आहे, ते वाचून त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका राहत नाही.

त्यानंतर घेतलेला निर्णय हा या संपूर्ण विषयाचा कणा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागात शेतातून जाणाऱ्या एका अनुयायाला असे उमगले, की प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक परमपवित्रस्थानातून, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या दालनातून, बाहेर येण्याआधी आत जातो. मग ख्रिस्तही त्या दिवशी पृथ्वीवर यायचा नव्हता, स्वर्गातील परमपवित्रस्थानात जायचा होता. लेवीय १६ आणि इब्री लोकांस पत्राचे आठवे व नववे अध्याय यांच्या आधारे त्याच्या एका तरुण सोबत्याने ही मांडणी फेब्रुवारी १८४६ मध्ये विस्ताराने छापली. तारीख तशीच राहिली, घटना मात्र पृथ्वीवरून स्वर्गात गेली. एप्रिल १८४५ मध्ये ऑल्बनी येथे जमलेल्या बहुसंख्य जुन्या अनुयायांनी असे मार्ग नाकारले होते. मूळ उपदेशकाने आपली गणना चुकल्याचे मान्य केले आणि १८४९ मध्ये आगमनाची वाट पाहतच तो मरण पावला. मूठभरांनी तारीख सोडली नाही.

त्यांनी ती का सोडली नाही, याचे सोपे स्पष्टीकरण निराशा पचवण्यासाठी केलेली तजवीज असे दिले जाते. ते पूर्ण खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्यांनी स्वतःला पहिला व दुसरा देवदूत मानले होते, त्यांच्या दृष्टीने तारीख सोडणे म्हणजे देवदूताची घोषणाच खोटी होती असे म्हणणे होते, आणि त्या उन्हाळ्यातील आत्मिक अनुभव त्यांना खोटा वाटत नव्हता. माणसाला देवदूताच्या जागी बसवले की ही अडचण अटळ असते. उपदेशकाची चूक मान्य करता येते, देवदूताची करता येत नाही. म्हणून घोषणा खरी ठेवून घोषित गोष्टीचे ठिकाण बदलावे लागले. आरंभीची काही वर्षे यातून एक कठोर निष्कर्षही काढला गेला. येशूने सांगितलेल्या दहा कुमारींच्या दाखल्यातील दार बंद झाले असून बाहेरच्या जगासाठी कृपेचा काळ संपला आहे, असे ते मानीत. नवे लोक विश्वास ठेवून येऊ लागले, तसा १८५० च्या दशकाच्या आरंभी तो निष्कर्ष मागे पडला.

आता तिसऱ्या देवदूताची पाळी होती. चौदाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात देवाच्या आज्ञा पाळणाऱ्या पवित्र जनांचा उल्लेख आहे आणि अकराव्या अध्यायाच्या अखेरीस स्वर्गातील मंदिर उघडून कराराचा कोश दिसतो. कोशात दहा आज्ञा, आज्ञांमध्ये शब्बाथ, अशी साखळी जोडली गेली आणि सातव्या दिवसाचे पालन हा तिसऱ्या देवदूताचा संदेश ठरला. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वर्गातील त्या घटनेला तपासणीच्या न्यायनिवाड्याचे रूप मिळाले. द्वितीयागमनापूर्वी पुस्तके उघडली जात आहेत, आधी मेलेल्या व मग जिवंत विश्वासणाऱ्यांच्या जीवनाची नोंद तपासली जात आहे, आणि न्यायाची घटिका म्हणजे १८४४ पासून सुरू असलेला हा काळ. १८६३ मध्ये मिशिगनमध्ये संघटित झालेल्या सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीने हीच शिकवण आपली ओळख मानली.

या शिकवणीच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा गणिताचा नाही, क्रमाचा आहे. दानीएलाच्या सातव्या अध्यायात पुराणपुरुष, म्हणजे देव, आसनस्थ होतो आणि पुस्तके उघडली जातात, तेव्हा लहान शिंग, म्हणजे दर्शनातील देवविरोधी सत्ता, अजून मोठमोठ्या गोष्टी बोलत असते. प्रकटीकरणातही न्यायाची घटिका आली असे सांगितले जात असताना सुवार्ता राष्ट्रांना ऐकवली जात आहे, आणि पीक त्यानंतर कापले जाते. अंतापूर्वी काही न्याय आहे, हे या दोन्ही ठिकाणांहून काढणे वावगे नाही. अडचण दानीएल ८:१४ वर येते. त्या अध्यायात पवित्रस्थान शिंगाने तुडवले आहे आणि नित्याचे अर्पण बंद पाडले आहे. विश्वासणाऱ्यांच्या पापांची तपासणी तेथे कोठेही नाही. संध्याकाळ-सकाळ ही जोडी रोजच्या दोन अर्पणांची मानली तर १,१५० दिवस होतात, आणि अनेक अभ्यासक त्यांचा संबंध इ. स. पूर्व १६७ मधील मंदिराच्या विटंबनेशी व १६४ मधील पुनःसमर्पणाशी लावतात. शिवाय इब्री लोकांस पत्र ख्रिस्त पडद्याच्या आत अगोदरच गेला आहे असे सांगते.

हे आक्षेप त्या मंडळीच्या आतूनही उठत राहिले. १९८० च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोच्या डोंगरांत शंभराहून अधिक विद्वान व पदाधिकारी जमले. त्यांच्यासमोर एका ऑस्ट्रेलियन धर्मशास्त्रज्ञाचा हजाराच्या आसपास पानांचा प्रबंध होता. त्याची मते पारंपरिक भूमिकेशी विसंगत ठरवली गेली, थोड्याच दिवसांत त्याचे पाळकपद काढून घेण्यात आले आणि पुढील काळात अनेक पाळक सेवेतून बाहेर पडले. अधिकृत उत्तरादाखल अभ्यासकांच्या एका समितीने १९८० च्या व १९९० च्या दशकांत सात खंड प्रसिद्ध केले. त्यांत दिवस-वर्षाच्या नियमाचे समर्थन पूर्वीपेक्षा बरेच काळजीपूर्वक केलेले आहे. तरीही त्या प्रबंधातील पाळकीय चिंतेला पुरेसे उत्तर मिळाले असे म्हणवत नाही. आपले नाव तपासणीला कधी येईल आणि त्या क्षणी आपण पुरे पडू की नाही, या धास्तीत कित्येक श्रद्धाळूंचे आयुष्य गेले, आणि सुवार्ता म्हणून सुरू होणाऱ्या घोषणेचा परिणाम असा व्हावा ही गंभीर बाब आहे.

दरम्यान न्यायाच्या आशयाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी इतरत्र बळावत होती. १९८० च्या दशकात वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या एका दक्षिण आफ्रिकी पाळकाने हा ग्रंथ दडपलेल्या समाजाच्या सांत्वनासाठी वाचला. सहाव्या अध्यायात वेदीखालचे हुतात्मे ‘कोठवर’ असे विचारतात, आणि अठराव्या अध्यायात बाबेलच्या मालाच्या यादीत सोने, तागाची वस्त्रे, गहू यांच्या शेवटी माणसांचे जीव येतात. त्या आक्रोशाला दिलेले उत्तर म्हणून वाचले, की पहिल्या देवदूताची घोषणा भिण्याजोगी उरते ती जुलूम करणाऱ्यांना. ज्यांच्यासाठी ती सुवार्ता आहे, त्यांना ती सुवार्ताच वाटते. माझ्या मते हा अर्थ मजकुराच्या अधिक जवळचा आहे, आणि त्याला कोणत्याही तारखेची गरज पडत नाही.

तारखेविषयी त्याच अध्यायातील पंधरावे वचन अलीकडे पुन्हा चर्चेत आले आहे. तेथे मेघावर बसलेल्या मनुष्याच्या पुत्रासारख्याला मंदिरातून निघालेला एक देवदूत कापणीची घटिका आल्याचे सांगतो. तो दिवस व ती घटिका पुत्रालाही ठाऊक नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे, या मार्काच्या तेराव्या अध्यायातील वचनाशी अनेक भाष्यकार हे दृश्य जोडतात. घटिका देवाच्या सान्निध्यातूनच कळते आणि ती गणनेने काढता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. १८४४ च्या बाजूचे अभ्यासक उत्तर देतात, की पंधराव्या वचनातील घटिका कापणीची आहे, सातव्या वचनातील न्यायाची आहे, आणि पुत्राला न कळलेल्या दिवसाविषयी दानीएलाच्या आकड्यांनी काही सांगितल्याचा दावा ते आता करीत नाहीत.