मोडीत काढलेल्या वाहनांचा औद्योगिक कचरा

आयुष्य संपलेल्या मोटारी मोडताना, विकाऊ भाग व धातू काढून घेतल्यावर उरणारा कचरा. मोटारीच्या वजनात ६५ ते ७० टक्के लोखंड-पोलाद असते आणि त्याला गिऱ्हाईक मिळतेच, अडचण बाकीच्याची. घातक पदार्थ थोडाच असला, तरी तो ज्यात मिसळतो ते सगळे घातक ठरते. म्हणून खरे वर्गीकरण गाडी श्रेडरमध्ये, म्हणजे तिचे तुकडे करणाऱ्या यंत्रात, जाण्याआधीच उरकावे लागते.

आधी बॅटरी सोडवतात. एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये त्यानंतरही काही मिनिटे वीज उरते, त्यामुळे तेवढा वेळ एअरबॅगला हात लावत नाहीत. एसीचा वायू यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरतात. आर-१३४ए हा एसीतला वायू हवेत सोडला, तर तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ करतो. पेट्रोल, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल यांची पिंपे वेगवेगळी हवीत. इंजिन ऑइल शुद्ध करून पुन्हा वापरता येते, पण त्यात कूलंटमधले ग्लायकॉल शिरले की ते काम अवघड होऊन बसते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधले तेल सहज विसरले जाते. नळीला भोक पाडल्याशिवाय ते निघत नाही.

वायरिंग हातानेच उपसलेले बरे. तांबे पोलादात गेले की भट्टीत वेगळे होत नाही, आणि पुढे तापलेले पोलाद रोलिंगमध्ये पृष्ठभागावर तडकते.

श्रेडरनंतर चुंबक लोखंड उचलतो, एडी करंट यंत्र बदलत्या चुंबकीय क्षेत्राने अ‍ॅल्युमिनियम बाजूला उडवते. मागे राहतो तो श्रेडर-भुसा: फोम, प्लॅस्टिक, रबर, काच, कापड, माती, गाडीच्या वजनाच्या २० ते २५ टक्के. तो चांगला जळतो, पण पीव्हीसीतले क्लोरीन आणि तांब्याचे तुकडे एकत्र आल्याने डायऑक्सिन हे अतिविषारी रसायन तयार होऊ शकते. त्यामुळे धूर शुद्ध करणारी उच्च तापमानाची भट्टीच लागते. पुरायचा असेल, तर पाण्यात किती शिसे व कॅडमियम उतरते हे तपासून, तळाला अस्तर असलेल्या खड्ड्यात.

जपानच्या तेशिमा बेटावर १९९० पर्यंत हा भुसा बेकायदा टाकला गेला. दूषित मातीसह सुमारे ९ लाख टन कचरा शेजारच्या नाओशिमा बेटावर नेऊन वितळवावा लागला. मुख्य उपसा २०१७ मध्ये संपला. जपानमध्ये २००५ पासून लागू झालेल्या कायद्याने एसीचा वायू, एअरबॅग आणि श्रेडर-भुसा यांची जबाबदारी वाहन-उत्पादक व आयातदारांवर टाकली. खर्च वाहनमालकाच्या शुल्कातून निघतो. युरोपीय संघाच्या २००० च्या निर्देशानुसार २०१५ पासून गाडीच्या वजनाचा ८५ टक्के भाग पुनर्वापरात किंवा पुनर्चक्रणात जायला हवा. ऊर्जेसाठी जाळलेला धरून हा आकडा ९५ टक्के होतो, म्हणजे खड्ड्यासाठी उरतात जेमतेम ५.