विषविज्ञानातील पद्धतशीर पुनरावलोकन

एखाद्या रसायनाच्या अपायाविषयीचे सर्व संशोधन आधी जाहीर केलेल्या नियमांनुसार शोधणे, निवडणे, पारखणे व एकत्र मांडणे, या कार्यपद्धतीस ही संज्ञा आहे. जुन्या पद्धतीच्या आढाव्यात कोणते निबंध घ्यावेत हे तज्ज्ञच ठरवीत. त्यामुळे दोन संस्थांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर मतभेदाचे मूळ सापडत नसे.

पद्धत वैद्यकातून आली. तेथे उपचारांविषयी असे आढावे तयार करणारी कॉक्रेन ही संस्था १९९३ पासून कार्यरत आहे. विषविज्ञानातील आरंभाची तारीख मात्र निर्विवाद नाही. क्लिमिश व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अभ्यासांची विश्वसनीयता चार वर्गांत मांडली. त्या वर्गवारीला पूर्वपीठिका म्हणता येईल. परंतु तीत निबंधांच्या शोधाचे नियम नव्हते आणि प्रमाणित प्रयोगशाळा-नियमांनी केलेल्या अभ्यासांना झुकते माप मिळे. म्हणून ‘पुराव्याधिष्ठित विषविज्ञान’ ही कल्पना मांडणारे २००५-०६ चे निबंध व इटलीतील कोमो येथील २००७ ची परिषद येथून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रत्यक्ष नियमावल्या नंतरच्या : युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची २०१० ची, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाची हस्तपुस्तिका २०१५ ची.

खरी अडचण पुराव्याच्या स्वरूपात आहे. औषधाप्रमाणे विषाची यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना) माणसांवर करता येत नाही. म्हणून मानवी निरीक्षणे, प्राण्यांवरील प्रयोग व पेशींवरील प्रयोग असे तीन प्रवाह वेगवेगळे पारखून मग जुळवावे लागतात. प्राण्यांचे गट यादृच्छिक रीतीने पाडले होते की नाही, याची निबंधात पुष्कळदा नोंदच नसते. पुराव्याचा दर्जा ठरविण्याच्या वैद्यकातील ‘ग्रेड’ पद्धतीत निरीक्षणात्मक पुरावा मुळातच ‘निम्न’ दर्जाचा धरला जाई. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेल्या ‘नॅव्हिगेशन गाइड’ पद्धतीत मानवी निरीक्षणे ‘मध्यम’ दर्जापासून मोजतात. जेथे मानवी चाचणी नीतीनेच वर्ज्य आहे, तेथे दुसरी रीत अधिक न्याय्य होय.

भारताच्या दृष्टीने फ्ल्युओराइडचे उदाहरण महत्त्वाचे आहे. अमेरिकी कार्यक्रमाच्या २०२४ च्या प्रबंधात भारतातील अभ्यासांचाही समावेश होता. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्ल्युओराइड असलेले पाणी पिण्यासारख्या जादा संपर्काचा मुलांच्या घटलेल्या बुद्ध्यंकाशी संबंध असल्याचे त्यात ‘मध्यम’ विश्वासाने म्हटले आहे; अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी शिफारस केलेल्या ०.७ मिलिग्रॅम प्रमाणाविषयी मात्र पुरावा अपुरा ठरला. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्ल्युओराइडचे प्रमाण १.५ मिलिग्रॅमहून अधिक आढळले आहे.