लाट दिसते इथं, बनते भलतीकडं

समुद्र आहे म्हणजे लाटा असणारच असं आपल्याकडे सगळे धरून चालतात, आणि पुणेकर तर जास्तच, कारण आपल्यासाठी समुद्र म्हणजे ताम्हिणी उतरून गेलं की लागणारा अरबी समुद्र, आणि तो काही पूर्ण गप्प बसत नाही. माझा मावसभाऊ धायरीचा, गोव्यात सर्फिंग शिकला, त्याचं वेडच लागलं, आणि मग नोकरी लागली बर्लिनला. मावशी म्हणाली, अरे जर्मनीला समुद्र आहे की, नकाशात वरती दिसतोय! आहे ना, एक सोडून दोन आहेत. पण त्यातला जवळचा म्हणजे बाल्टिक, ट्रेनने दोन-अडीच तासांवर, आणि तिथे कित्येक दिवस बोर्डवर उभं राहण्याइतकीसुद्धा लाट येत नाही. "दादा, पाणी आहे पण हालत नाही," असं त्याचं म्हणणं. आता असं का, हे बघायला गेलं की लाटांचं सगळं विज्ञानच बाहेर येतं.

लाट बनवतो वारा. (भरती-ओहोटी चंद्र-सूर्याचं प्रकरण, त्सुनामी भूकंपाचं, ते आज बाजूला ठेवू.) वारा किती जोरात वाहतोय, किती वेळ वाहतोय आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून सलग वाहतोय या तीन गोष्टींवर लाटेचा आकार ठरतो. तिसऱ्या गोष्टीला फेच म्हणतात, आणि खरी मेख तिथेच आहे. पावसाळ्यात खडकवासल्याला कणीस खात उभे असाल तेव्हा बघा, पश्चिमेचा वारा तलावावरून धरणाकडे येत असतो, तर भिंतीच्या बाजूला पाण्याला चांगल्या लाटा असतात आणि वारा जिथून येतो त्या काठाला पाणी जवळपास सपाट. वारा तोच, पाणी तेच, फरक फक्त पाण्यावरून त्याला मिळालेल्या अंतराचा. आणि वारा कितीही पिसाळला तरी तिथे माणसाच्या उंचीची लाट उठणार नाही, कारण ती मोठी व्हायच्या आत काठ येतो. ढोबळ हिशोब सांगायचा तर ताशी ५५ किमीच्या वाऱ्याला त्याच्या ताकदीची पूर्ण वाढलेली लाट बनवायला साधारण ५०० किमी मोकळं पाणी लागतं, आणि वर जवळजवळ अख्खा दिवस तसंच वाहत राहायला लागतं.

पण हे झालं वादळाच्या आतलं. तिथलं पाणी म्हणजे नुसता गोंधळ असतो, लहानमोठ्या सगळ्या लाटा एकमेकींवर चढलेल्या, त्यावर सर्फिंग वगैरे विसरा. मजा येते ती या लाटा वादळाच्या बाहेर पडून लांब निघाल्या की, मग त्यांना स्वेल म्हणतात. खोल पाण्यात एक नियम आहे, लाटेचा पिरियड म्हणजे एका शिखरानंतर दुसरं शिखर यायला लागणारा वेळ जितका जास्त तितकी लाट वेगात जाते. सेकंदातल्या पिरियडला १.५६ ने गुणा, मीटर प्रति सेकंद वेग मिळतो. म्हणजे १६ सेकंदांची लाट ताशी ९० किमीने पळते आणि ५ सेकंदांची जेमतेम २८ ने. (लाटांचा अख्खा जथा, आणि त्याच्याबरोबर ऊर्जा, मात्र याच्या निम्म्या वेगाने पुढे सरकते, हे पहिल्यांदा वाचलं की कुणालाही खोटंच वाटतं. जथ्यातल्या लाटा मागून उगवतात आणि पुढे जाऊन विरतात, त्यामुळे तसं होतं.) तर सिंहगडाच्या पायथ्याहून मोठा ग्रुप एकत्र निघाला की वर पोचेपर्यंत जसा आपोआप लांब पसरतो, तसं लाटांचं होतं, हजारो किलोमीटरच्या प्रवासात लांब पिरियडवाल्या पुढे निघून जातात, बाकीच्या मागे राहतात, आणि किनाऱ्यावर पोचतात त्या एकसारख्या, नीट अंतर ठेवून आलेल्या स्वच्छ रांगा.

हा प्रवास किती लांबचा असू शकतो हे वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मोजून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं होतं तेव्हा लाटांचे अंदाज ज्या पद्धतीने काढले ती याने आणि हाराल्ड स्वेर्द्रुपने बसवली होती, तोच हा माणूस. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत पॅसिफिकभर मोजणीच्या जागा ठेवल्या आणि अंटार्क्टिकाजवळच्या वादळात जन्मलेल्या लाटा दहा हजार किमीपेक्षा लांब अलास्कापर्यंत पोचताना पकडल्या. एकदा वादळातून बाहेर पडलेली लांब पिरियडची लाट वाटेत फारशी काही गमावत नाही.

आपल्याकडेही हेच चालतं. गोव्याला किंवा गोकर्णला निवांत सकाळी, वाऱ्याची झुळूक नसताना एकामागोमाग लाटा येत असतात ना, त्यातल्या काही हिंदी महासागराच्या पार दक्षिणेच्या टोकाला चार-पाच दिवस आधी झालेल्या वादळाच्या असतात. केरळात कधी कधी आभाळ निरभ्र असताना समुद्र अचानक घरात घुसतो, तिथले मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात, तेही याच दक्षिणेकडच्या स्वेलचं काम, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे इशारे आधी देते. कोकणात जोर जरा कमी पडतो. याचं एक कारण म्हणजे आपल्यासमोरचा उथळ समुद्रतळ, मुंबईसमोर तो जवळपास ३०० किमी रुंद आहे, केरळकडे बराच अरुंद होतो. लाटेला तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपासून तळ जाणवायला लागतो, १६ सेकंदांची लाट ४०० मीटर लांब असते म्हणजे २०० मीटर खोलीपासूनच ती तळाशी घासायला लागते, त्यामुळे येईपर्यंत थोडी दमलेली असते.

आता बाल्टिक बघा. चारी बाजूंनी जमीन, बाहेर पडायला डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्या, अटलांटिकचा स्वेल आत येण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे जे काही होईल ते आतल्या वाऱ्यानेच, आणि फेच मर्यादित. तो समुद्र मेंगळट आहे असंही नाही हं, डिसेंबर २००४ मध्ये त्याच्या उत्तर भागात ८.२ मीटर लाटांची नोंद आहे, आणि ही सरासरी काढलेली उंची, सुट्या लाटा याहून मोठ्या. पण पिरियड छोटा राहतो. समजा खोल समुद्रात एक मीटर उंचीची लाट आहे, पिरियड १५ सेकंद, तर ती किनाऱ्याशी फुटताना पावणेदोन मीटरच्या आसपास उभी राहते. तीच एक मीटर पण ५ सेकंदवाली असेल तर मीटरभरापेक्षा थोडीच जास्त, आणि तिच्या पाठीवर लगेच दुसरी, तिसरी, बोर्ड घेऊन आत जायलाच दम निघतो. म्हणून नुसती उंची बघून ट्रेनचं तिकीट काढणारा माणूस फसतो, आधी पिरियड बघायचा.

दुसरी भानगड वेळेची. आपल्याकडे वादळ पाच दिवसांपूर्वी संपलं तरी लाटा येत राहतात, बाल्टिकमध्ये वादळ आणि लाट एकाच दिवशी, वारा थांबला की काही तासांत खेळ खल्लास. त्यामुळे भाऊ बघतो काय, तर जर्मन किनाऱ्याला ईशान्येचा वारा, कारण साधारण त्या दिशेला त्याला जास्त मोकळं पाणी मिळतं, तो निदान दहा-बारा तास टिकला पाहिजे, आणि मग मुख्य म्हणजे तो पडला पाहिजे किंवा फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहायला पाहिजे. जमिनीकडून येणारा हलका वारा लाटेचा चेहरा, म्हणजे तिची पुढची उभी बाजू, धरून ठेवतो, ती उशिरा आणि नीट फुटते. गोव्यात हिवाळ्यात सगळे सकाळी लवकर पाण्यात का उतरतात, तर रात्रभर जमीन थंड होऊन वारा तिकडून असतो, दुपारी समुद्राकडून सुरू झाला की सगळं पाणी विस्कटतं. बाल्टिकमध्ये असे चांगले तास बहुतेक शरद-हिवाळ्यातच मिळतात, वादळं तेव्हाची, शिवाय पाणी हवेपेक्षा गरम असलं की वरचा जोरदार वारा खाली उतरतो आणि लाटा लवकर वाढतात. म्हणजे जाडजूड वेटसूट घालून गोठायचं! त्यात तिथलं पाणी कमी खारट, आपल्या समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम मीठ तर तिथे बऱ्याच भागात ७-८ च, त्यामुळे ८५ किलोचा माणूस बोर्डसकट दीडेक लिटर जास्त बुडतो. कमी वाटतं, पण छोट्या बोर्डवर कळतं म्हणे.

जर्मनीचा दुसरा समुद्र, नॉर्थ सी, जरा बरा. ब्रिटनने अटलांटिक अडवलाय पण स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या मधली वरची बाजू उघडी आहे, तिथून वायव्येचा स्वेल खाली येतो, म्हणून झ्युल्ट बेटावर आणि वर डेन्मार्कच्या क्लिटमोलरला सर्फिंग चालतं. बर्लिनहून मात्र लांबच पडतं.

आणि मग म्युनिक आहे, जिथे समुद्रच नाही आणि तरी लाट आहे. आइसबाख नावाचा कालवा, त्यात एका पुलाशी वेगाने येणारं उथळ पाणी पुढच्या खोल, संथ पाण्यावर आदळतं आणि लाट एकाच जागी उभी राहते, पाणी पळतं, लाट नाही. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो, अर्धा मीटर खोलीला ताशी साधारण ८ किमी, प्रवाह त्याहून जोरात आला की लाट वर सरकू शकत नाही, तिथेच अडकते. १९७० च्या दशकापासून लोक तिथे सर्फ करतायत, परवानगी मिळाली २०१० मध्ये. हे गणित किती नाजूक असतं बघा, २०२५ च्या शरदात कालव्याची नेहमीची साफसफाई झाली, तळाचा गाळ-गोटे हलले आणि पाणी परत सोडलं तर लाटच उठेना!

हे वाचून खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाल्यावर मुठा नदीत बोर्ड घेऊन उतरायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल तर कृपया नको. बंधाऱ्याखाली पाणी उसळताना दिसतं ते तत्त्व साधारण हेच, पण तिथला उलटा फिरणारा भोवरा माणसाला बाहेर सोडत नाही, पट्टीचे पोहणारेसुद्धा तिथे बुडतात, आणि आपल्या नदीच्या पाण्यात काय काय असतं ते तर विचारूच नका.