हृदयातील आयन चॅनेल जनुकांचे असंकेती डीएनएद्वारे नियमन

माणसाच्या जनुकसंचातला जेमतेम दीड-दोन टक्के डीएनए प्रथिनांची रचना सांगतो. उरलेल्या असंकेती डीएनएतील काही तुकडे एखादे जनुक कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती वापरायचे ते ठरवतात. हृदयाच्या बाबतीत हे ‘किती’ जिवावरचे असते. पेशीपटलावरचे सोडियम वा पोटॅशियमचे चॅनेल, म्हणजे त्या आयनांना ये-जा करू देणारी प्रथिनांची द्वारे, निर्दोष घडले, पण संख्येने कमी पडले, तरी लय बिघडू शकते.

सर्वाधिक अभ्यास झालेले उदाहरण तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. तेथील एससीएन५ए या जनुकापासून एनएव्ही १.५ हा हृदयस्नायूचा मुख्य सोडियम चॅनेल बनतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, विद्युत्संदेश झपाट्याने पसरतो तो त्याच्यामुळे. ठोक्याची सुरुवात करणाऱ्या सायनस गाठीत आणि वरच्या कप्प्यांकडून (अलिंदांकडून) निलयांकडे संदेश नेणाऱ्या एव्ही गाठीत मात्र तो फार थोडा असतो आणि तसाच असायला हवा; एव्ही गाठीत संदेश रेंगाळतो म्हणूनच अलिंदांतले रक्त निलयांत उतरायला अवसर मिळतो. हा भेद राखण्यात टीबीएक्स५ आणि टीबीएक्स३ या प्रथिनांचा मोठा वाटा आहे. दोन्ही डीएनएवरच्या सारख्याच खुणांना चिकटतात, पण पहिले जनुकाला चालना देते आणि दुसरे त्याला दाबते. अशा खुणा असलेला, जनुकाला चालना देणारा तुकडा म्हणजे एन्हान्सर. डीएनएला वेटोळे पडले की तो दूरच्या जनुकाच्या आरंभस्थानालाही भिडतो.

एससीएन५एला लागूनच एससीएन१०ए आहे. वेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींतील सोडियम चॅनेलचे जनुक अशी त्याची ओळख होती. २०१० मध्ये हजारो लोकांचे ईसीजी आणि डीएनए ताडून पाहिले, तेव्हा पीआर अंतर (अलिंदांकडून निलयांपर्यंत संदेश पोहोचायला लागणारा वेळ) व क्यूआरएस कालावधी (तो निलयांत पसरायला लागणारा वेळ) यांचा संबंध अनपेक्षितपणे याच जनुकाशी लागला. त्याच्या एका इंट्रॉनमधील (जनुकाच्या आतल्या असंकेती तुकड्यातील) आरएस६८०१९५७ हा एकाक्षरी बदल नेमका टीबीएक्सच्या खुणेवर येतो आणि ती प्रथिने तिथे नीट चिकटत नाहीत. २०१२ व २०१४ च्या संशोधनांतून असे मांडले गेले की हा तुकडा एससीएन१०एमध्ये असला, तरी काम करतो एससीएन५एसाठी. पुढे, २०२१ मध्ये, उंदरांतून तो काढून टाकल्यावर चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. प्रामुख्याने घटली ती एससीएन१०एची एक आखूड आरएनए प्रत. या प्रतीचे प्रथिन एनएव्ही १.५मधून वाहणारा प्रवाह वाढवते. त्यामुळे ती घटताच हृदयातले वहन मंदावले. एन्हान्सरचे लक्ष्य अंदाजाने ठरवता येत नाही, ते प्रयोगानेच तपासावे लागते, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

१९९२ मध्ये वर्णन झालेल्या ब्रुगाडा या हृदयाच्या लयीच्या विकारात विश्रांतीत किंवा झोपेत अचानक मृत्यू येऊ शकतो. सुमारे एक पंचमांश रुग्णांतच एससीएन५एमध्ये दुर्मीळ संकेती बदल सापडतो. २०१३ च्या पाहणीत एससीएन५ए–एससीएन१०ए परिसरातले आणि एचईवाय२ या जनुकाजवळचे सर्वसामान्य बदल या विकाराशी जोडले गेले. ते जितके अधिक एकत्र येतात तितका धोका वाढतो. थायलंडमध्ये, जिथे झोपेतील अशा मृत्यूंना ‘लाई ताई’ म्हणतात, एससीएन५एच्या इंट्रॉनमधला एक दुर्मीळ बदल काही रुग्णांत आढळला. तो एमईएफ२ या जनुक-नियामक प्रथिनाची खूण मोडतो आणि चॅनेलचे उत्पादन घटवतो.

नियमन आरएनएच्या, म्हणजे डीएनएवरून उतरवल्या जाणाऱ्या प्रतींच्या, पातळीवरही चालते. उदाहरणार्थ, एमआयआर-१ हा सूक्ष्म आरएनए केसीएनजे२ या पोटॅशियम चॅनेल जनुकाला आवर घालतो.

नेहमीच्या जनुकीय तपासण्या बहुतांशी संकेती भागच वाचतात. त्यामुळे घरात अकाली, अचानक मृत्यू झाले असतील, तर तपासणीत काही न सापडल्यावरही नातेवाइकांची ईसीजी तपासणी आवश्यक असते.